धुतलेला दोर चार दिवसांत पुन्हा राठ का होतो?

जून ते सप्टेंबर झाडावर काम करणाऱ्यांकडून एकच तक्रार कानावर येत राहते. दोर चिकट झाला म्हणून धुतला, वाळवला, पिशवीत भरला. चार दिवसांनी पिशवी उघडली तर दोर काठीसारखा राठ, हाताला दमट आणि नाकाला कुबट. परत धुतला, परत तेच. मग कोणी साबण वाढवतो, कोणी कढत पाणी घेतो, कोणी रॉकेलचा बोळा फिरवतो. दर खेपेला दोर आणखी बिघडतो आणि शेवटी "मालच हलका निघाला" म्हणत नवा घेतला जातो.

मी मुंबईत झाडांची छाटणी करतो, धोकादायक फांद्या उतरवतो. कामावर आम्ही सगळे 'रोप'च म्हणतो, इथे लिहिताना दोर म्हणतोय. ही तक्रार मी स्वतः तीन पावसाळे भोगली आणि तिचं मूळ मला एका स्टीलच्या पेल्यात सापडलं.

झालं असं. जुलैचे दिवस, पार्ल्यातली एक सोसायटी. पर्जन्यवृक्षाची मोडलेली फांदी बेचक्यात अडकून खालच्या गाड्यांवर लोंबत होती. आमच्यातला एक मुलगा वर गेला. दोर मी दोनच दिवसांपूर्वी धुतलेला, दिसायला स्वच्छ. चढताना दोरावर एक गाठ असते, ती हाताने वर सरकवायची, आणि वजन टाकलं की ती दोर आवळून धरते. तो वीसेक फूट चढला असेल, तेवढ्यात सर आली. वरून आवाज आला, "दादा, गाठ धरत नाय. वजन टाकलं की सरकते." त्याला कमरेचा दुसरा दोर खोडाभोवती घालून जागच्या जागी थांबायला सांगितलं, शिडी लावून खाली घेतलं. काम त्या दिवशी दुसऱ्या दोरावर झालं.

रात्री मोरीत बसलो. त्या दोराचं वीतभर टोक पेल्यातल्या साध्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवलं आणि बोटांनी चार-पाच वेळा दाबलं. पेल्याच्या कडेने पांढरा फेस चढला. पाणी दुधाळ झालं. तीन पाण्यांतून काढलेला दोर, आणि साबण आत तसाच होता. तोच साबण वाळला की दोर राठ करत होता आणि पावसाचं पाणी लागलं की बुळबुळीत. मुलाच्या गाठीखाली साबणाचं पाणी होतं.

तेव्हापासून मी कोणताही दोर धुण्याआधी ही पेल्याची परीक्षा करतो. ज्यांचा दोर धुऊनही सुधारत नाही, त्यांनी आणखी एकदा धुण्याआधी हीच करावी. दोरात नक्की काय बसलंय हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे आहे.

दोराच्या आत पाणी कसं वागतं

चढाईच्या बहुतेक दोरांना बाहेर विणलेली साल असते आणि आत गाभा. साल सहसा पॉलिस्टरची, गाभा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. या हजारो बारीक तंतूंमधल्या फटी दिव्यातल्या वातीसारख्या पाणी आत ओढून घेतात. त्या पाण्याबरोबर साबण, मीठ, साखर, बारीक माती असं विरघळलेलं आणि तरंगणारं सगळं आत जातं. बाहेर यायला मात्र वेळ लागतो. वरवर पाणी ओतून साल स्वच्छ होते, गाभ्यातलं तसंच राहतं. वाळताना पाणी उडून जातं, बाकी सगळं तंतूंमध्ये घट्ट बसतं. दोर वाकवताना जो राठपणा लागतो तो इथून येतो.

म्हणून साबण जितका कमी, तितकं बरं. ४५ मीटरचा दोर आणि २० लिटरची बादली असेल तर मी लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तसला सौम्य, सोडा नसलेला द्रव साबण दोन चहाचे चमचे घेतो, जास्त नाही. कपड्यांची पावडर वापरत नाही, कारण तिच्यात धुण्याचा सोडा असतो, तो अल्कधर्मी, आणि अल्कली पॉलिस्टरला हळूहळू खाते. पाणी गरम असेल तर जास्तच. वडीचा साबण घासून लावणं सगळ्यात वाईट, तो सालीच्या विणीत थापून बसतो.

पाण्याचाही दोष असतो. महापालिकेच्या नळाला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मऊ असतं, त्यात साबण चांगला निघतो. पण ज्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी आहे, तिथे तेच काम फसतं. जड पाण्यातल्या चुन्याशी साबणाचा साका होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. तुमच्या बाथरूमच्या नळाच्या तोंडावर पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी दोराला नको. शेवटची दोन पाणी तरी पिण्याच्या पाण्याची घ्या. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, त्यामुळे दोर धुण्याचं काम मी त्याच वेळेला काढतो.

रात्रीतून पुन्हा दमट होतो तेव्हा

ही दुसरी तऱ्हा. दोर संध्याकाळी हाताला कोरडा लागतो, सकाळी दमट. पेल्यात फेस येत नाही. मग मिठाचा संशय घ्यायचा.

पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. दोरात मीठ असेल तर तो दोर या दिवसांत वाळूच शकत नाही, पंखा कितीही लावा. रात्री हवा आणखी दमट होते तेव्हा दोर पुन्हा पाणी धरतो.

हे मीठ दोन वाटांनी येतं. वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या कामांवर वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, झाडाच्या पानांवर आणि सालीवर बसतात आणि पावसात दोरावर उतरतात. दुसरी वाट आपला घाम. एप्रिल-मेच्या छाटणीत चढणाऱ्याचे हात, मनगटं, कंबर दिवसभर निथळत असतात, आणि गाठ ज्या पट्ट्यात खालीवर होते तो दोर घामाने भिजतो. उन्हाळ्यात ते जाणवत नाही. पहिला पाऊस पडला की दोर दमट राहू लागतो आणि आपण पावसाला दोष देतो.

तपासायचं सोपं आहे. पेल्यातलं दोर भिजवलेलं पाणी दोन चमचे एका स्टीलच्या ताटलीत घाला, शेजारच्या ताटलीत नुसतं नळाचं पाणी दोन चमचे. दोन्ही मंद आचेवर आटू द्या, पंख्याखाली या दिवसांत मीठ वाळणार नाही. दोराच्या ताटलीत पांढरे कण उरले आणि दुसरीत जेमतेम डाग, तर मीठ आहे. अशा दोराला साबणाची गरजच नाही. साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी पाणी बदलून तासभर, परत पाणी बदलून तासभर. मीठ पाण्यात निघून जातं, त्याला फक्त वेळ आणि बदललेलं पाणी लागतं.

मी आता मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, सगळे चढाईचे दोर असे नुसत्या पाण्यात भिजवून काढतो. पावसाळाभर पुढे जो त्रास व्हायचा, त्यातला निम्मा या एका कामाने गेला.

चिकटपणा तीन प्रकारचा असतो

इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त दोर चिकटपणा काढायच्या नादात खराब होतात. झाड कोणतं होतं हे आठवा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पर्जन्यवृक्षावर काम केलं असेल तर बहुधा तो पिठ्या ढेकणांचा गोड चिकटा असतो. मुंबईतल्या कितीतरी पर्जन्यवृक्षांना या किडीने ग्रासलं, मोठमोठी झाडं वाळून गेली. ही कीड झाडाचा रस पिते आणि साखरेचं पाणी टाकते. त्या झाडाखाली उभ्या गाड्यांच्या काचा चिकट होतात तो हाच पदार्थ. त्यावर काळी काजळीसारखी बुरशी धरते, म्हणून दोर काळपट दिसतो. अंगठा ओला करून एक मिनिट चोळा. चिकटपणा विरघळून गेला तर साखर आहे. साध्या पाण्याने जाईल. काळे डाग राहतील, ते राहू द्या, दोराचं त्याने काही बिघडत नाही.

शेवगा, बाभूळ यांचा डिंकही पाण्यात फुगतो आणि सुटतो, फक्त वेळ लागतो. भिजत घाला, एक-दोन तासांनी मऊ ब्रशने हलका घासा.

तिसरा चीक, आणि हा खरा त्रासदायक. वड, पिंपळ, उंबर, फणस. चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक कण. ओला असतो तोवर तो पाण्यात मिसळतो, साध्या ओल्या फडक्याने निघतो. वाळला की कण एकमेकांना चिकटून रबर होतं आणि मग कुठल्याही साबणाने जात नाही. त्यामुळे वडा-पिंपळावर जाताना आम्ही आता खिशात ओलं फडकं ठेवतो. दोरावर पांढरा थेंब दिसला की तिथल्या तिथे पुसायचा, खाली उतरेपर्यंत थांबायचं नाही. या एका सवयीने आमचे दोर जितके वाचले तितके कुठल्याही साबणाने वाचले नाहीत.

चिकावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळणारे पुष्कळ भेटतात. आम्लाने चीक लगेच गोठतो, रबराच्या मळ्यात चिकाचं रबर करायला आम्लच घालतात. म्हणजे जो थेंब पाण्याने गेला असता तो विणीत कायमचा बसतो. शिवाय आम्ल नायलॉनचं वैरी आहे. दोन्हीकडून नुकसान.

फणस कापताना हाताला नि सुरीला खोबरेल लावायची आपली घरची रीत, ती दोरावर चालत नाही. तेल गाभ्यात उतरतं, धूळ धरून ठेवतं आणि गाठ घसरवतं. रॉकेल, पेट्रोल, थिनरचंही तेच. नायलॉन-पॉलिस्टर त्याने लगेच विरघळत नाही हे खरं, म्हणूनच लोकांना वाटतं की चालतंय. पण ते विरघळवलेला चीक आणि मळ आतपर्यंत घेऊन जातं, दोर बनवताना तंतूंना लावलेलं वंगण धुऊन काढतं, आणि दोर पहिल्यापेक्षा कोरडा, करकरीत होतो. उत्पादकांची मनाई आहे ती याचसाठी.

वाळलेल्या चिकाला मी असं करतो. दोर पूर्ण कोरडा करायचा. चिकाच्या गोळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बर्फ धरायचा, गोळी टणक होते. मग अंगठ्याच्या पेराने गोळी दोराच्या लांबीच्या दिशेने लोळवायची, शाळेत खोडरबराचे कण झटकतो तशी. सुटेल तेवढी सुटते. नखाने किंवा चाकूच्या टोकाने उकरायची नाही, सालीचा एक धागा ओढला गेला तरी तो पुढे फांदीला अडकतो. उरलेला पातळ थर तसाच ठेवा. तो दिसतो वाईट, पण गाठीच्या पकडीला अडथळा नसेल तर त्याच्यामागे लागून दोराचं आयुष्य कमी करू नका.

धुणं

दोर मोकळा बादलीत टाकला तर असा गुंता होतो की सोडवताना पीळ पडतात. आधी त्याची साखळी विणायची, म्हणजे फास करून त्यातून पुढचा फास ओढत जायचं, स्वेटर सुटतो तसं एका टोकाला ओढलं की सगळी साखळी सुटते. ही साखळी जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधलं की धुवायला सोपी. त्याआधी दोर एकदा झटकून बारीक खडी, लाकडाचा भुसा पाडून टाका. माती ओली झाली की आत सरकते, कोरडी असताना निघते.

पाणी ३० अंशांच्या आत. मुंबईत नळाचं पाणी जवळपास तेवढंच असतं, गिझरला हातही लावू नका. पाऊणएक तास साबणाच्या पाण्यात ठेवून मळलेल्या कणकेसारखं दाबत राहायचं, पिळायचं नाही. मग खळबळणं. किती पाणी? पेल्यात फेस येईनासा होईपर्यंत. माझ्या दोराला पाच लागतात, पहिल्यांदा मी तीनवर थांबायचो. सगळं पाणी एकदम वापरायला जिवावर येत असेल तर एकेका पाण्यात अर्धा तास मुरू द्या, कमी पाण्यात जास्त काम होतं. मुरवलेलं शेवटचं पाणी कुंड्यांना चालतं.

मशीन चालतं, पण समोरून उघडणारं, नाजूक कपड्यांच्या सायकलवर, गरम पाणी बंद. वरून उघडणाऱ्या मशीनमधला मधला खांब दोराला गुंडाळून पिळतो. आणि मशीनच्या साबणाच्या खणात आदल्या दिवशीची पावडर उरलेली असते, म्हणून आधी एकदा रिकामं फिरवून घ्या.

प्रेशरचा पंप लावून धुवायचा मोह आवरा. गाड्या धुवायचा तो जोरदार फवारा जवळून मारला तर बारीक वाळू सालीतून थेट गाभ्यात ठोकली जाते, आणि तिथून ती पुढे प्रत्येक वेढ्याला तंतू कापत राहते. ब्लीच नको, बुरशीवरही नको. बुरशी नायलॉन खात नाही, ती दोरावरची साखर आणि मळ खाते, तो मळ गेला आणि दोर वाळला की तिचं पोट भरायचं साधन संपतं. ब्लीच मात्र नायलॉनला खातं. कपड्यांना मऊ करायच्या द्रवाबद्दल उत्पादकांत एकमत नाही, काही पातळ करून चालतो म्हणतात, काही साफ नको म्हणतात. तुमच्या दोराच्या पत्रकात लिहिलेलं नसेल तर घालू नका.

नवा नायलॉनचा दोर पहिल्या धुण्यात काही टक्के आखडतो आणि थोडा टणकही होतो. ते दुखणं नाही. पण लांबी परत मोजा, फांदीवरून दुपदरी खाली येतो का याचा हिशोब जुन्या लांबीवर करत बसू नका.

वाळवणं, म्हणजे मुंबईतला खरा प्रश्न

ऊन नाही, जागा नाही, हवेत ओल. आणि उन्हात टाकायचाही नाही, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तंतू कमजोर होतात. मग करायचं काय?

आधी जितकं पाणी हाताने काढता येईल तितकं काढा. दोर एका कोरड्या टॉवेलच्या मुठीतून हळूहळू ओढत न्यायचा, टॉवेल भिजला की दुसरा. ४५ मीटरला तीन टॉवेल लागतात. मग घरात छताला कपड्यांसाठी कप्पीवर टांगलेल्या दांड्या असतात, त्यांवर सैल, मोठी वळणं घालायची, एकावर एक येऊ न देता. लोखंडी गजांवर किंवा खिडकीच्या ग्रीलवर नको, गंज उतरतो आणि वरच्या मजल्याच्या पागोळ्याही. दांड्या लोखंडी असतील तर प्लॅस्टिकचा पाइप चढवा. टेबलफॅन खालून वर तोंड करून. दिवसातून दोनदा वळणं सरकवायची म्हणजे दांडीवर टेकलेला भागही वाळतो. एसी असेल तर रात्री त्याचा ड्राय मोड, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसच्या वर टांगणं हे कुणीही करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोर हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. साल एका दिवसात वाळते, गाभा दोन-तीन दिवस ओला राहतो. तसाच पिशवीत भरला की ओल परत सालीत येते, आणि तोच कुबट वास. यावर माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे, वजन. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा मिळतो, तो घ्या. दोर चांगला कोरडा असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वजन करून वहीत लिहून ठेवा. माझा ४५ मीटरचा दोर कोरडा ४ किलो १०० ग्रॅम भरतो. धुऊन टॉवेलने पुसल्यावर पाचाच्या वर असतो. दुसऱ्या दिवशी हाताला खडखडीत कोरडा लागतो तेव्हा काटा ४ किलो ४०० दाखवतो. म्हणजे ३०० ग्रॅम पाणी अजून गाभ्यात आहे. पूर्वी मी नेमका त्याच दिवशी तो भरून ठेवायचो.

पावसाळ्यात वजन अगदी जुन्या आकड्यावर यायची वाट पाहू नका. नायलॉन हवेतली ओल मुळातच धरतो, सर्वसाधारण हवेतही वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास, दमट हवेत त्याहून जास्त. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. नायलॉनच्या गाभ्याच्या दोराला १०० ग्रॅम जास्त दिसले तर चालतं. दोन दिवस लागोपाठ वजन तेच राहिलं की वाळला समजा. ओला नायलॉन ताकदीलाही साधारण १० ते १५ टक्के कमी असतो, वाळला की ती परत येते.

वाळलेला दोर कापडी पिशवीत, भिंतीला न टेकता. टेम्पोच्या मागे बॅटरी असेल त्या बाजूला कधीही नाही. बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन आतून मोडतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. असा संशय आला तरी दोर बाद करा, धुऊन उपयोग नाही. जिथे रस्त्याचं काँक्रिटीकरण चाललंय, तिथे दोर जमिनीवर पडू देऊ नका, ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. ताडपत्री अंथरा, त्यावर दोर.

धुऊन न जाणारा राठपणा

एवढं सगळं करूनही एखादा पट्टा राठच राहिला तर तो उजेडात नीट बघा. चकचकीत दिसतोय? नख फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत? तो मळ नाही, तंतू वितळून एकमेकांना चिकटलेत. वेगाने खाली येताना गाठीखाली, किंवा फांदी सोडताना खोडाभोवतीच्या वेढ्यात इतकी उष्णता होते. पॉलिस्टर २५० अंशांच्या वर वितळतो, नायलॉन ६ हा २२० च्या आसपास, आणि हलके, ताकदवान म्हणून घेतले जाणारे पॉलिएथिलीनचे दोर तर १५० च्या सुमाराला. मऊ पडायला त्याच्या खूप आधी सुरुवात होते.

पातळ चकाकी असेल आणि वाकवल्यावर ती मोडून दोर परत मऊ होत असेल तर खूण करून लक्ष ठेवा. कडक कवच झालं असेल तर तेवढा भाग कापा किंवा दोर बाद करा. मग सगळा दोर उघड्या बोटांनी, हातमोजे न घालता, तळहातावरून सरकवत न्या. दर हातभर अंतरावर छोटा गोल करून बघा. गोल सारखा आला पाहिजे. एखाद्या जागी बिजागरीसारखा मोडला, किंवा आत पोकळ लागला, फुगीर लागला, तर तिथे गाभा गेलाय. १६ पदरी विणीच्या दोरात भार बराचसा साल उचलते, तिथे साल झिजलेली चालवून घेऊ नका. गाभ्यावर भार असलेल्या दोरात साल जरा खरबरीत झाली तर वेगळं, पण गाभा दिसू लागला की तो दोर संपला. न वापरलेल्या दोरालाही बहुतेक उत्पादक १० वर्षांची मर्यादा घालतात, म्हणून टोकाच्या चिठ्ठीवरचं वर्ष धुताना पुसलं जाऊ देऊ नका.

फांद्या उतरवायच्या दोराला मी इतकं जपून धूत नाही. झटकणं, साध्या पाण्यात दोनदा बुचकळणं, वाळवणं. त्याचं मरण मळापेक्षा झटक्यांनी येतं. मात्र तो कधीही चढाईला घ्यायचा नाही, स्वच्छ दिसला तरी. दोन्हींचे रंग वेगळे ठेवा आणि धुवायलाही एकत्र टाकू नका, बुचकळल्यावर कोणता कोणाचा हे ओळखताना चूक होते. बाद केलेल्या दोराचे हातभर लांबीचे तुकडे करा. अख्खा टाकला तर कोणीतरी उचलतो आणि त्याच्यावर चढतो.

किती दिवसांनी धुवायचा, असं विचारतात. तारखेवर धुऊ नका. दोर वाकवताना राठ लागला, वजन वाढलं, किंवा बोटांना कण लागले की धुवा. माझे पावसाळ्यात दोनदा होतात, उन्हाळ्यात एकदा. आणि धुतल्यानंतर पहिल्या चढाईआधी जमिनीपासून हातभर उंचीवर हार्नेसमध्ये (चढाईच्या कमरपट्ट्यात) बसून गाठ तीनदा वर-खाली करून बघा. मग त्या पट्ट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि पुन्हा तीनदा. पाणी ओतल्यावर गाठ सरकली तर दोर खाली घ्या आणि पेल्यात टोक बुडवा.